मॉरिसचे हरवलेले तीन व्होल्ट

पाचगणीला भाच्याचं लग्न उरकून निघालो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. पसरणी घाट उतरताना समोरून एसटी आली, म्हणून सवयीनं डावा पाय क्लचशेजारच्या बटणावर मारला. आमच्या गाडीत अप्पर-डिपर, म्हणजे दिव्यांचा झोत वर-खाली, पायानं करायचं असतं. बटण 'खट्' वाजलं आणि दोन्ही हेडलाइट गेले. मंद झाले नाहीत, लुकलुकले नाहीत, सरळ गेले. एसटीच्या उजेडात वळणाचा कठडा तेवढा दिसला. ती मागं सरकल्यावर तोही दिसेना.

शेजारी आबा, माझे वडील, बसले होते. वय त्र्याऐंशी. ते एवढंच म्हणाले, "परत मार."

मारला. अप्पर लागला.

"आता वाईपर्यंत त्याला पाय लावू नकोस."

सगळा घाट अप्परवर उतरलो. समोरून येणाऱ्या प्रत्येकानं दिवे मारून, हॉर्न वाजवून आणि एकानं तर काच खाली करून आमचा उद्धार केला. खरं म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर काही फार येत नव्हतं. आमचा अप्पर म्हणजे देवघरातली समई. पण नियम तो नियम.

गाडी १९५४ सालची मॉरिस मायनर. आजोबांनी घेतलेली. इंजिन ८०३ सीसीचं, दरवाजे चार, आणि वळायच्या वेळी दरवाजांच्या मधल्या खांबातून बाहेर येणारे पिवळे हात, ज्यांना ट्रॅफिकेटर म्हणतात. अ‍ॅलेक इसिगोनिस नावाच्या ज्या माणसानं पुढं मिनी बनवली, त्याचीच ही आधीची करामत. १९४८ ला लंडनच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढं आली आणि १९७१ पर्यंत तेरा लाखांवर गाड्या निघाल्या. आपल्याकडं हिंदुस्थान मोटर्सनं हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नावानं बांधली होती, त्यामुळं जुन्या लोकांना तिचा तोंडवळा ओळखीचा असतो. पेट्रोल पंपावर कुणी ना कुणी आजोबा जवळ येतात, मडगार्डवरून हात फिरवतात आणि आपल्या मामाकडं होती म्हणून सांगतात.

माझा धंदा हळदीचा. विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. तरी हे काम स्वतः करायचं ठरवलं, कारण गेल्या वीस वर्षांत या गाडीच्या वायरिंगला जेवढे हात लागले त्यातल्या प्रत्येकानं आपली एक लाल वायर मागं ठेवली होती. बॉनेट उघडलं की मूळचा कापडी विणीचा वायरींचा जुडगा एका बाजूला आणि त्यावर वेलीसारख्या चढलेल्या घरगुती फिटिंगच्या लाल वायरी दुसऱ्या बाजूला. पिळ मारून जोडलेल्या, वर काळी टेप. कुठली कुठं जाते हे ज्यांनी टाकली त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुरुवात मी केली ती सगळे करतात तिथूनच. बल्ब बदलले. उजेड कमी म्हणजे बल्ब लहान, असा सरळ हिशोब. मूळ गाडीला ४२/३६ वॅटचे बल्ब होते, पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा. मधे कधीतरी कुणीतरी आतला रिफ्लेक्टर बदलून ६०/५५ चे हॅलोजन बसवले होते. मी सातारहून १००/९० चे आणले. संध्याकाळी अंगणात लावून बघितले तर पहिली दोन मिनिटं बरं वाटलं, मग पुन्हा तोच पिवळा उजेड, वर डॅशबोर्डमधून गरम बेकेलाइटचा वास. दिव्याची नॉब हातात धरवेना. मुलगा अकरावीत आहे, त्यानं कागदावर भागाकार मांडून दाखवला. शंभर वॅट भागिले बारा व्होल्ट म्हणजे एका बल्बला आठ अँपियरच्या वर, दोन्ही मिळून सोळा-सतरा. मूळ बल्ब दोन्ही मिळून सात अँपियर खायचे. सत्तर वर्षांच्या स्विचमधून मी दुपटीपेक्षा जास्त करंट ओढत होतो. शिवाय या गाडीला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे, आणि तो सगळा दम लावून वीसएक अँपियर देतो. घाटात हळू चाललेल्या गाडीत तेवढेही देत नाही. इग्निशन कॉइलला तीन-चार अँपियर लागतात, मागचे दिवे, पार्किंग वेगळे. म्हणजे माझी खरेदी बॅटरीच्या जिवावर चालणार होती. दुसऱ्या दिवशी ६०/५५ परत लावले.

मग मल्टिमीटर घेतला. काळी तार बॉडीला लावली, लाल तार बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. पडद्यावर आलं: उणे १२.६. तारा उलट्या लावल्या असतील म्हणून पुन्हा तपासलं. नव्हत्या. तेव्हा आबांना विचारलं, तर म्हणाले, "अरे, हिचा प्लस बॉडीला असतो. तुला माहीत नव्हतं?" पन्नाशी उलटली, गाडी लहानपणापासून दारात, आणि हे मला माहीत नव्हतं. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असायचं, आजच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. बल्बला त्याचं काही देणंघेणं नसतं, तो दोन्ही बाजूंनी पेटतो. पण ही गोष्ट पुढं मला चांगलीच महागात पडायची होती.

मीटर घेऊन पुढं गेलो. उजव्या हेडलाइटची रिंग काढली, बल्बमागचं सॉकेट उपसलं आणि त्याच्या पट्ट्यांवर माप घेतलं. १२.४. डावीकडं १२.४. म्हणजे वायरिंग ठणठणीत! मग दोष रिफ्लेक्टरचा. दोन नवे मागवले, बसवले, सातशे ग्रॅम धूळ झाडली, आणि रात्री बघितलं तर उजेड होता तसाच. या मापावर मी एक आठवडा आणि बाराशे रुपये घालवले.

साताऱ्यात एक सेल्फ-डायनॅमोवाले चाचा आहेत. दुकान आता मुलगा बघतो, चाचा खुर्चीत बसून चहा पितात. गाडी घेऊन गेलो, दिवसाच. माझी मापांची वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली.

"शेठ, माप घेताना दिवा लागला होता का?"

"सॉकेट काढून घेतलं होतं, चाचा."

"मग काय घेतलं? रिकाम्या बैलाला दम लागतोय व्हय? गाडीला जुंपा, चढाला लावा, मग बघा कुठं बसतोय."

माझ्या मुलानं नंतर पुस्तकी भाषेत समजावलं ते हेच होतं. करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज पुढं पाठवतो. नऊ अँपियर वाहायला लागले की तोच जोड आपला हप्ता कापून घेतो. म्हणून बल्ब जागेवर, दिवे चालू, आणि मीटरच्या दोन तारा एकाच जोडाच्या अलीकडं-पलीकडं. चांगल्या जोडावर मीटर शून्याच्या आसपास राहतो. जेवढा आकडा दिसेल तेवढं त्या ठिकाणी गळलं.

चाचांनी मापाआधी आणखी एक गंमत करून दाखवली. हेडलाइट लावायला सांगितले. बोटाएवढ्या जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला धरलं, दुसरं उजव्या हेडलाइटच्या भांड्यातल्या काळ्या वायरीच्या टोकाला टेकवलं. दिवा एकदम उजळला. वायर उचलली, मंदावला. टेकवली, उजळला. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. दुकानातला पोऱ्या हसायला लागला.

"अर्थ," चाचा म्हणाले आणि चहाकडं वळले. म्हणजे करंटची बॉडीतून बॅटरीकडं परतायची वाट.

घरी येऊन मी आणि मुलगा कामाला लागलो. आधी वाट कागदावर काढली. बॅटरीपासून जाड वायर सोलेनॉइडला, म्हणजे स्टार्टरच्या मोठ्या स्विचला. तिथून तपकिरी वायर कटआउटच्या पेटीत, जी डायनॅमोचं चार्जिंग सांभाळते. पेटीतून डॅशबोर्डमागच्या दिव्याच्या स्विचला. ती नॉब एक टप्पा ओढली की पार्किंग, किंचित फिरवून आणखी ओढली की हेडलाइट. स्विचमधून निळी वायर खाली पायाच्या बटणाला, त्यालाही डिपरच म्हणतात. डिपरमधून दोन फाटे: निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर, निळ्यावर लाल रेघ म्हणजे डिपर. हे रंग त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत ठरलेले होते, त्यामुळं नकाशा एकदा समजला की सोपं जातं. पण सत्तर वर्षांच्या कापडावर सगळेच रंग मातकट झालेले. वायर जिथं रबराच्या बुचात शिरते तिथलं बूच मागं सरकवून नखानं खरवडलं की आत जरासा मूळ रंग टिकलेला मिळतो. तसं करत करत ओळख पटवली. दोन्ही फाटे पुढं जाळीमागं येतात आणि तिथं डाव्या-उजव्या दिव्याला वाटले जातात. वाटणी पितळी गोळ्यांची: प्रत्येक वायरीच्या टोकाला गोळी, आणि दोन-दोन गोळ्या रबरात बसवलेल्या पत्र्याच्या नळीत समोरासमोर खुपसलेल्या. शेवटी काळी वायर, बल्बपासून बॉडीला.

या सगळ्या वाटेवर हेडलाइटला एकही फ्यूज नाही. एक फ्यूज उडून रात्री दोन्ही दिवे एकदम जाऊ नयेत, असा त्यामागचा विचार सांगतात. वाचताना मला पटला होता.

मग माप. इंजिन बंद, डिपर चालू, तोही दोन-तीन वेळा बटण दाबल्यावर धरलेला. बॅटरीवर १२.३. उजव्या बल्बच्या पट्ट्यांवर ९.४. डाव्यावर १०.१. म्हणजे उजवीकडं २.९ व्होल्ट वाटेत गायब. ते कुठं गेले याचा हिशोब आम्ही पेढीवरच्या जमाखर्चासारखा मांडला. बॅटरीपासून स्विचपर्यंत ०.३. स्विचच्या आत ०.५. डिपरच्या आत ०.७. डिपरपासून बल्बपर्यंत, म्हणजे मुख्यतः त्या गोळ्यांच्या जोडात, ०.५. आणि काळ्या वायरीच्या वाटेवर ०.९. बेरीज २.९. पैसा न् पैसा जुळला तेव्हा मुलानं मला टाळी दिली. मला खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली होती. मला एक चोर हवा होता. इथं पाच निघाले आणि प्रत्येकानं थोडं थोडंच उचललेलं.

बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं उतरलं तरी उजेड फार उतरतो. एक पंचमांश व्होल्टेज गेलं की उजेड निम्म्याच्याही खाली. आमच्या उजव्या दिव्याचं जवळजवळ एक चतुर्थांश गेलं होतं. म्हणजे साठ टक्के उजेड गेला होता, आणि वाटेत गळलेली वीज वायरीत, जोडांत, स्विचमध्ये उष्णता होऊन जात होती. गरम नॉबचं कोडं इथं सुटलं.

सर्वांत मोठा वाटा अर्थचा, म्हणून तिथून सुरुवात. काळी वायर मडगार्डच्या आतल्या बाजूला एका स्क्रूखाली बसवलेली. वरून बघितलं तर झकास: चकचकीत स्क्रू, चकचकीत रंग. तोच घोटाळा होता. दहा वर्षांपूर्वी गाडी रंगवली तेव्हा रंगाऱ्यानं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं कडं, ठेवायच्या जागेवरही फवारा मारला आणि वर स्क्रू आवळला. लोखंडाला लोखंड लागायचं सोडून दोघांमध्ये क्रीम रंगाचा थर. स्क्रूच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढाच. उजवी बाजू जास्त वाईट कारण तिथं खाली ओल धरली होती. एक जुनी खूणही आता समजली. डिपरवर गाडी चालवताना खड्डा आला की डॅशवरचा अप्परचा बारीक दिवा क्षणभर मिणमिणायचा. मी तो लूज काँटॅक्ट समजत होतो. प्रत्यक्षात धक्क्यानं उजव्याची अर्थ पूर्ण तुटायची, आणि बल्बमधल्या डिपरच्या तारेतून आलेल्या करंटला बॉडीकडं जायची वाट न मिळाल्यानं तो त्याच बल्बच्या अप्परच्या तारेतून उलटा घुसून भलतीकडून घरी जायला बघायचा. जाता जाता तो बारीक दिवा पेटवायचा. नको तो दिवा नको तेव्हा पेटला की आधी अर्थ बघायची, हे चाचांचा पोऱ्याही जाणतो.

रंग खरवडून लोखंड पांढरं केलं, नवं थिंबल कथिलानं डाख देऊन बसवलं, आवळल्यावर वरून ग्रीस. दोन्ही बाजूंच्या काळ्या वायरींना जोडून एक स्वतंत्र जाड वायर बॅटरीच्या प्लसपर्यंत नेली. बॉडीवर भिस्त ठेवायचीच नाही म्हटलं. ०.९ चे ०.१ झाले.

जाळीमागच्या गोळ्या म्हणजे हिरवी चटणी. नळ्यांतल्या पत्र्याला स्प्रिंगच उरली नव्हती. बारा जोड होते, एकेक उपसून गोळ्या पॉलिश पेपरनं घासल्या, नळ्या नव्या आणल्या. दुपार गेली, पाठ गेली, याहून सांगण्यासारखं काही नाही.

डिपर मात्र बघण्यासारखा होता. रबरी मॅट उचलली, दोन स्क्रू काढले आणि तो लोखंडी डबा बाहेर आला. आत एक दातेरी चाक आहे. पायाचा प्रत्येक दाब त्याला एक घर फिरवतो आणि तांब्याची पट्टी एका टोकावरून दुसऱ्यावर जाते. वाईतले सत्तर पावसाळे आणि सत्तर पावसाळ्यांच्या चपला या बटणावर उभ्या राहिलेल्या. आत लाल मातीचा गाळ सुकून बसला होता आणि डिपरच्या बाजूचं टोक काळं पडून खड्डा पडला होता. म्हणजे अप्परवरून उचललेली पट्टी पलीकडं पोचायची, पण टेकायची ती काजळीवर. दोन्ही दिव्यांचा करंट या एकाच पट्टीतून जातो, म्हणून दोन्ही एकदम गेले. घाटातल्या त्या क्षणाचं हे एवढंसं कारण. तळहातावर ते टोक घेऊन आबांना दाखवायला नेलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते उजेडात धरलं.

"माझ्या वडिलांचा पाय जड होता," ते म्हणाले. "मी तर हळूच दाबायचो."

डिपर पेट्रोलनं धुतला, टोक कानशीनं सपाट केलं, पट्टी जराशी वाकवून दाब वाढवला. ०.७ चे ०.२.

दिव्याचा स्विच काढण्याआधी बॅटरी सोडवायची, तीही आधी अर्थचं टोक. आम्हाला सवय आधी मायनस सोडवायची, कारण बाकी सगळ्या गाड्यांत अर्थ तोच. मुलानं पाना मायनसला लावला, पाना फिरता फिरता शेजारच्या पत्र्याला टेकला आणि अशी ठिणगी उडाली की पान्याला आजही खाच आहे. या गाडीत प्लस आधी. आता बॅटरीशेजारी लाल रंगानं मराठीत लिहून ठेवलंय.

स्विच रिव्हेट मारून बंद केलेला असतो, उघडायचा म्हणजे मोडायचा. त्यात हात घालायची माझी छाती झाली नाही. चाचांना फोन केला. ते म्हणाले, "त्याच्यावरचं ओझंच काढा. रिले टाका." म्हणजे स्विच आणि डिपर यांनी फक्त रिलेला इशारा द्यायचा, ज्याला अँपियरचा सहावा-सातवा हिस्सा पुरतो, आणि दिव्यांचा खरा करंट बॅटरीकडून जाड वायरीनं थेट रिलेतून बल्बला. सत्तर वर्षांच्या स्विचला पेन्शन. साधी आणि शहाणी युक्ती.

सातारच्या बाजारातून दोन रिले आणले, एक अप्परचा, एक डिपरचा. ३० नंबरला बॅटरी, ८७ ला दिवे, ८६ ला निळी-लाल वायर, ८५ बॉडीला. मोबाइलवर बघितलेल्या प्रत्येक आकृतीत असंच होतं. नॉब ओढली. दिवा लागला नाही. दोन सेकंदांनी डॅशबोर्डखालून पांढरा धूर आला आणि जळक्या कापडाचा वास.

मी नॉब आत ढकलली म्हणून बचावलो. नाहीतर मायनर माझ्या अंगणात विझली असती. पायाजवळ एका जुन्या लाल जोडावरची टेप वितळून डिंक झाली होती.

कारण रिलेच्या पोटावर छापलेलं होतं, बारीक अक्षरात, बारीक बाणात. आत डायोड होता, म्हणजे करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग. रिले बंद होताना त्याच्या वेटोळ्यातून उलटा झटका येतो, तो जिरवायला हल्लीच्या काही रिलेंत ८५ आणि ८६ च्या मधे डायोड बसवतात. मायनस अर्थच्या गाडीत तो नेहमी उलट्या तोंडानं बसतो आणि काही वाहू देत नाही. आमच्या गाडीत प्लस बॉडीला. त्यामुळं त्याच जोडणीत तो सुलट्या तोंडानं बसला आणि त्यानं निळ्या-लाल वायरीला सरळ बॉडीला भिडवलं. शुद्ध शॉर्ट. आणि वाटेत फ्यूज नाही. एक फ्यूज उडून दोन्ही दिवे जाऊ नयेत हा विचार मला पटला होता ना, त्याची दुसरी बाजू धूर होऊन डोळ्यात गेली.

त्या रात्री मी गाडीच उलटी करायचा विचार केला. म्हणजे बॅटरी फिरवून मायनस अर्थ करून टाकायची. होतं तसं: इग्निशन कॉइलच्या वायरी अदलून बदलून, डायनॅमोला नव्यानं ध्रुव द्यायचा, म्हणजे त्याचं अधिक-उणं पलटायचं, पुष्कळांनी केलंय. मोबाइलचा चार्जरही मग बिनधास्त लावता येतो. आबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "गाडी सत्तर वर्षं बरोबर चाललीय. चुकला तू." विषय संपला.

दुसऱ्या रिलेला ८५ आणि ८६ ची अदलाबदल केली: इशाऱ्याची वायर ८५ ला, बॉडी ८६ ला. पहिला रिले जळाला होता, त्याच्या जागी डायोड नसलेला साधा आणला, त्याला कुठूनही जोडा. आणि फ्यूज घातले, सुटे सुटे. अप्पर डावा, अप्पर उजवा, डिपर डावा, डिपर उजवा, चारांना चार. इशाऱ्याच्या दोन बारीक वायरींना दोन लहान फ्यूज वेगळे. एक उडाला तर एकच दिवा जाईल, किंवा फार तर नुसता अप्पर नाहीतर नुसता डिपर, आणि बटण दाबलं की दुसरा लागेल. ब्रिटिशांचा विचार राखला आणि धूरही टाळला, असं मी चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ब्रिटिश गेले शेठ, बिल द्या."

जळलेला जोड कापला तेव्हा तिथून मागं-पुढं दोन्हीकडं ती लाल घरगुती वायर उपसत गेलो. चार मीटर निघाली. त्यातली दीड मीटर कुठंच जोडलेली नव्हती.

नवं माप: बॅटरीवर १२.२, उजव्या बल्बवर ११.८, डाव्यावर ११.८. मुलानं वहीत तारीख घालून लिहिलं आणि खाली रेघ मारली.

दिव्यांचं तोंड लावायचं काम राहिलं होतं. देवळामागच्या सपाट जागेत भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी केली, मागच्या सीटवर हळदीचं एक पोतं ठेवलं, म्हणजे माणसं बसल्यासारखी गाडी मागं दबेल, आणि भिंतीवर खडूच्या रेघा मारून रिंगमधले स्क्रू फिरवले. डावा आतापर्यंत झाडावरच्या वाघळांना उजेड दाखवत होता. पुजाऱ्यांनी बाहेर येऊन विचारलं की भिंतीवर काय लिहिताय. दोन खडूच्या फुल्या अजून तिथं आहेत.

मग एका रात्री मुद्दाम पाचगणीला गेलो. आबा येणार नव्हते, पण निघताना बघतो तर मफलर गुंडाळून पुढं बसलेले. वर चहा घेतला आणि दहा वाजता घाट उतरायला लागलो. रस्त्याकडेचे पांढरे दगड दोन वळणं आधीपासून दिसत होते. हा घाट मी शेकडो वेळा उतरलोय, पण वळणावरच्या एका कठड्याला असलेली फट मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली. समोरून ट्रक आला. मी पाय उचलला, आणि खरं सांगतो, क्षणभर ठेवावा की नको असं झालं. दाबला. उजेड खाली बसला, रस्त्यावर पसरला, ट्रक गेला. पुन्हा दाबला, वर गेला.

आबांचा डावा पायही रिकाम्या पत्र्यावर दोन वेळा दाबला गेला होता.

खाली वाईच्या चौकात घराकडं वळायचं म्हणून मी ट्रॅफिकेटर टाकला. डाव्या खांबातून नुसती घरघर आली, हात काही बाहेर येईना.

"मूठ मार खांबावर," आबा म्हणाले. "१९७२ पासून तसंच आहे ते."